भिंतीवरची हायोफिला: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस लागला की भिंतीवरच्या हिरव्या थराचे फोटो यायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच भिंतीचे फोटो पुन्हा येतात, या वेळी थर काळा पडलेला असतो. आपल्या भागातल्या अशा बऱ्याच भिंतींवर हायोफिला इन्व्होल्युटा ही हरिता, म्हणजे मॉस, असते. उष्ण प्रदेशात ती सर्वदूर आढळते आणि माणसाने बांधलेल्या दगड-विटांवर तिचा चांगला जम बसतो. तिच्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. भिंतीवर आलंय ते शेवाळच ना?

बोलताना आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. ओल्या थरावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं आणि बोटाला हिरवा चिकटा आला तर ते शैवाल. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर पाय घसरतो तो बहुतेक वेळा त्याच्यामुळे. बोटाला बारीक बारीक पानं लागली आणि चिमटीत धरल्यावर सुटं रोप हातात आलं तर ती हरिता. पानं-खोड असं काही न दिसता चपट्या, दुभंगत गेलेल्या हिरव्या पट्ट्या दगडाला चिकटलेल्या असतील तर त्या बहुधा यकृतका. हायोफिला यातल्या दुसऱ्या गटातली.

२. हायोफिला दिसते कशी? फोटोवरून ओळखता येईल का?

एक रोप साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर उंच असतं. ते एकटं क्वचितच दिसतं. शेकडो रोपं दाटीवाटीने उभी राहतात आणि त्यांची गादी तयार होते. गादी वरून गडद हिरवी दिसते, पण बोटाने थोडी फाकवली की खालचा तपकिरी, जुना भाग दिसतो. खोड सरळ उभं असतं आणि त्याला फाटे कमीच फुटतात. पानं शेंड्याकडे दाट असतात. ओली असताना ती बाहेरच्या बाजूला झुकून पसरतात, त्यामुळे वरून पाहिलं की प्रत्येक रोपाचा गोल पुंजका वेगळा ओळखू येतो.

पानाची लांबी दीड ते तीन मिलिमीटर आणि आकार जिभेचा. कडा बराच अंतरापर्यंत समांतर जातात, टोक बोथट-गोल असतं आणि त्या गोलाईच्या मधोमध इवलंसं अणकुचीदार टोक असतं. मध्यशीर एकच. ती चांगली जाड असते आणि पानाच्या बुडापासून टोकापर्यंत जाते. जुन्या पानांत ती तांबूस-तपकिरी होते. टोकाजवळच्या कडेला बारीक दाते असतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असेल तर हे सगळं घराच्या पायरीवर बसून पाहता येतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पान आणखी सुंदर दिसतं. बुडाकडच्या पेशी लांबट आणि पारदर्शक असतात. वरच्या पेशी लहान, हिरव्यागार आणि पानाच्या वरच्या अंगाला फुगलेल्या दिसतात. मध्यशीर सोडली तर सगळं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं.

फोटोबद्दल सांगायचं तर लांबून काढलेल्या फोटोवरून फक्त ‘हरिता आहे’ एवढंच सांगता येतं. एक फोटो ओल्या गादीचा आणि एक वाळलेल्या गादीचा, दोन्ही जवळून काढलेले असतील तर बराच अंदाज बांधता येतो. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

३. वाळल्यावर ती ओळखूच येत नाही. तेव्हा कशी ओळखायची?

उलट, तिची सर्वांत चांगली खूण वाळल्यावरच दिसते. पाणी कमी झालं की पानाच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला वळतात आणि पान सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलं जातं. अशी गुंडाळलेली पानं खोडाकडे वळून मुरडतात. हिरवा वरचा भाग आत झाकला जातो आणि मध्यशिरेची तपकिरी पाठ बाहेर राहते, म्हणून सगळी गादी काळपट-तपकिरी दिसते.

वाळलेल्या गादीवर ड्रॉपरने पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि भिंग लावून पाहत राहा. थेंब लगेच शोषला जातो. खालची पानं आधी हलायला लागतात, मग कडा उलगडतात, पान सपाट होतं आणि बाहेर झुकतं. थोड्याच वेळात काळा ठिपका होता तिथे हिरवा पुंजका उभा असतो. शेजारच्या, पाणी न पडलेल्या रोपांत काहीच हललेलं नसतं. मुलांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावायची असेल तर मी हा प्रयोग सगळ्यात आधी दाखवायला सांगेन.

४. कोल्हापुरात ती कुठे सापडेल?

दगड, वीट, चुना, सिमेंट आणि अधूनमधून मिळणारी ओल असेल तिथे. जुन्या वाड्यांची जोती, विहिरीचे कठडे, तुळशी वृंदावनाचा चौथरा, पाण्याच्या टाकीखालची भिंत, पागोळ्या पडतात ती जागा, गटाराची कड, पुलाच्या कमानी. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ती जास्त असते, कारण तिथे ऊन कमी आणि ओल जास्त वेळ टिकते. पंचगंगेच्या घाटासारख्या नदीकाठच्या दगडी बांधकामात सांध्यांच्या फटी आधी बघा. सपाट दगडापेक्षा फटीत ती लवकर धरते.

कॅल्शियम असलेला आधार तिला मानवतो. चुना आणि सिमेंट दोन्हींत ते भरपूर असतं, आणि आपल्या काळ्या दगडातही, म्हणजे बेसाल्टमध्ये, काही प्रमाणात असतं. पण चुना हवाच अशी तिची अट नाही. जांभ्याच्या चिऱ्यांवरही ती वाढते, त्यामुळे नुसत्या दगडावरून ओळख ठरवू नका.

पावसाच्या बाबतीत आपला जिल्हा विलक्षण आहे. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शहरात साधारण १,००० आणि शिरोळकडे त्याहूनही कमी. हायोफिला या सगळ्या पट्ट्यात तग धरू शकते. पश्चिमेकडे ती उघड्या भिंतीवर राहील, तर पूर्वेकडे सावलीत, नळाजवळ, विहिरीत शोधावी लागेल. निव्वळ मातीवर ती कमी असते. शेताच्या बांधावर किंवा कुंडीतल्या मातीत दिसणारी हरिता बहुधा वेगळी असते (प्रश्न १२).

५. शेजारच्या जुन्या भिंतीवर गादीच्या गादी आहे, आमच्या नव्या भिंतीवर काहीच नाही. असं का?

ताजं सिमेंट फार अल्कधर्मी असतं. त्यावर बीजाणू, म्हणजे हरितेच्या बोंडातून सुटणारे बियांसारखे सूक्ष्म कण, पडले तरी रुजत नाहीत. ऊन-पावसाने पृष्ठभाग सौम्य झाला, त्यावर धूळ बसली, बारीक खड्डे पडले की मग सुरुवात होते. गुळगुळीत ऑइल पेंट मारलेली भिंत याहून जास्त काळ मोकळी राहते.

६. उन्हाळ्यात ती मरते का?

नाही, वाळते. हायोफिलाच्या बाबतीत या दोन गोष्टींत मोठा फरक आहे.

आंब्याला किंवा उसाला मुळं असतात, पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात आणि पाणी उडू नये म्हणून पानावर मेणाचा थर असतो. हायोफिलाला खरी मुळं नाहीत, तशा वाहिन्या नाहीत आणि पाणी अडवून धरेल असा थरही नाही. पाणी पानाच्या सगळ्या पृष्ठभागातून आत येतं आणि तिथूनच उडून जातं. साहजिकच एप्रिलच्या दुपारी ती भोवतालच्या हवेइतकीच कोरडी होते. एवढं पाणी गेल्यावर बहुतेक झाडांच्या पेशी कायमच्या फाटतात. वाळवण सोसणाऱ्या हरितांच्या पेशींत मात्र शर्करा आणि काही खास प्रथिनं पेशीपटलांना आणि आतल्या यंत्रणेला सावरून धरतात. सगळी कामं थांबतात, पण रचना मोडत नाही.

पाणी मिळालं की आधी श्वसन वेग घेतं, बिघडलेल्या भागांची दुरुस्ती होते आणि त्यानंतर अन्न तयार करणं पूर्ववत होतं. प्रश्न ३ मधलं पान उलगडणं ही या कामाची फक्त सुरुवात आहे. पान हिरवं दिसलं म्हणजे आतली घडी लगेच बसली असं नाही.

वर्षातून कित्येकदा होणारं हे वाळणं म्हणजे संकट नाही, तिच्या जगण्याची ती रीतच आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर खालच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

७. मग उन्हाळ्यात मी रोज थोडं पाणी शिंपडू का?

शिंपडू नका. प्रत्येक वेळी ओलं झाल्यावर दुरुस्तीला साठवलेली ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा भरून काढायला काही तास ओल टिकावी लागते. भर दुपारी पाणी मारलं, दहा मिनिटांत भिंत सुकली, असं रोज झालं तर ती खर्चच करत राहते, कमाई काहीच नाही. वळवाच्या सरीनंतर लगेच कडक ऊन पडतं तेव्हाही असंच होतं. तिला वाळलेली राहू द्या.

८. तिच्या मुळांनी भिंत फुटते का?

तिला खरी मुळं नाहीत हे प्रश्न ६ मध्ये आलंच आहे. धरून राहण्यासाठी खोडाच्या बुडाशी तपकिरी, केसासारखे बारीक तंतू असतात. त्यांना मूलाभ म्हणतात. ते पृष्ठभागावरच्या खाचांत आणि कणांत अडकतात. चिरा सरकवण्याची ताकद त्यांच्यात नसते. भिंत फोडतात ती पिंपळ, वड आणि उंबराची मुळं.

तरीही ती अगदीच निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. गादीत धूळ अडकते, कालांतराने मातीचा पातळ थर तयार होतो आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी त्यात रुजू शकतं. आधीच भुसभुशीत झालेल्या चुन्याच्या गिलाव्यावर ती ओल धरून ठेवते. म्हणून वर्षातून एकदा भिंत नीट पाहावी आणि पिंपळाची रोपं बोटाएवढी असतानाच मुळासकट काढावीत. हायोफिला काढली नाही तरी चालेल.

घराच्या आतल्या भिंतीवर किंवा छताच्या कडेला ती दिसली तर मात्र गंभीरपणे घ्या. तिथे पाणी सतत मुरतंय असा त्याचा अर्थ. पाइप गळतोय का, स्लॅबला भेग आहे का, पन्हळ तुंबली आहे का ते बघा.

९. गच्चीवरून काढायचीच असेल तर कशी काढावी?

चालण्याच्या वाटेवरची आणि पाणी जायच्या भोकाजवळची जरूर काढा. पाय घसरतो आणि सुटलेल्या गाद्या भोकात अडकून पाणी तुंबतं. ओली असताना पत्र्याच्या उलथन्याने किंवा नायलॉनच्या ताठ ब्रशने ती गादीसकट निघते. वाळलेली खरवडली तर चुरा होतो आणि त्या चुऱ्यातल्या तुकड्यांपासून पुन्हा रोपं तयार होऊ शकतात.

अॅसिड ओतू नका. ते चुना आणि सिमेंट विरघळवतं, पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यांत तिला जागा वाढवून मिळते. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने जुन्या भिंतीचे सांधे उघडे पडतात. पाणी साचतं त्या ठिकाणी उतार काढणं हा टिकाऊ उपाय.

१०. पन्हाळ्याच्या तटावर किंवा देवळाच्या दगडावर दिसली तर आपण साफ करावी का?

करू नये. हेतू कितीही चांगला असला तरी तारेच्या ब्रशने कोरीव दगडाचा जो थर जातो तो परत येत नाही. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरासारख्या ठिकाणी शिल्पांच्या बारकाव्यांमध्ये काही वाढलेलं दिसलं तर संबंधित खात्याला फोटोसह कळवा. दगड कसा आहे, त्यात क्षार किती आहेत हे तपासून मगच साफसफाई ठरवावी लागते. ते काम त्यातल्या जाणकारांचं आहे. गडस्वच्छतेला जाणाऱ्या मंडळींना एकच विनंती: प्लास्टिक उचला, तटावरच्या हरितेला हात लावू नका.

११. पुस्तकात हरितेला देठावर बोंडं दाखवतात. आमच्या भिंतीवर ती कधीच दिसत नाहीत.

हायोफिलाची नर रोपं वेगळी आणि मादी रोपं वेगळी असतात. नराच्या शुक्रपेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपर्यंत जातात, त्यामुळे दोघं एकमेकांच्या अगदी जवळ असावी लागतात. तुमच्या भिंतीवर एकाच प्रकारची रोपं पसरली असतील तर कितीही पाऊस पडला तरी बोंडं येणार नाहीत.

तरी ती पसरते, कारण तिच्याकडे दुसरा मार्ग आहे. पानांच्या बगलेत सूक्ष्म, चांदणीच्या आकाराच्या, बहुपेशीय कळ्या तयार होतात. पावसाच्या थेंबाने किंवा वाहत्या पाण्याने त्या सुटतात आणि जिथे अडकतील तिथे नवं रोप तयार होतं. भिंतीवर वरून खाली हिरवे ओघळ दिसतात त्यामागे हे एक कारण असतं. एखादं रोप पाण्याच्या थेंबात ठेवून काडीने हलकेच पानं फाकवली तर चांगल्या भिंगातून त्या ठिपक्यांसारख्या दिसतात. नेमका आकार पाहायला सूक्ष्मदर्शक हवा.

बोंडं मिळालीच तर नीट बघा. देठ सरळ उभा, बोंड लांबट-नळीसारखं आणि ताठ, झाकणाला लांब चोच. झाकण पडल्यावर तोंडाशी दाते नसतात. बऱ्याच हरितांना तिथे दात्यांची झालर असते. ही झालर नसणं ही ओळख पटवणारी महत्त्वाची खूण आहे. पाऊस ओसरल्यावर शोधा.

१२. हिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कोणत्या?

सर्वांत जास्त घोटाळा बार्बुला इंडिकाशी होतो. तीही भिंतीवर वाढते, तीही वाळल्यावर मुरडते. फरक असा की बार्बुलाच्या पानाची कड बुडाकडे मागच्या बाजूला वळलेली असते, हायोफिलाची वाळल्यावर आत वळते. बार्बुलाचं पान निमुळतं आणि बोंडाच्या तोंडाशी बारीक दाते असतात.

चांदीसारखी चमक असेल तर ती ब्रायम अर्जेंटियम. पानांच्या टोकांत हरितद्रव्य नसल्यामुळे ती चमक येते. फरसबंदीच्या फटींत ती हमखास असते.

जळालेल्या जागेवर, शेकोटीच्या राखेवर किंवा ओल्या मातीत नाशपातीच्या आकाराची वाकलेली बोंडं दिसली तर ती फ्युनारिया. अभ्यासक्रमातून बहुतेकांना तीच माहीत असते, म्हणून भिंतीवरच्या प्रत्येक हरितेला फ्युनारिया म्हटलं जातं.

अवघड भाग हा की हायोफिलाच्याच दुसऱ्या जातीही भारतात आहेत, आणि हायोफिला इन्व्होल्युटाच्या काही रोपांत पानाच्या टोकाचे दाते इतके पुसट असतात की नसल्यासारखेच वाटतात. अशा वेळी एका रोपावरून निर्णय घेऊ नका. एकाच गादीतली पाच-सात रोपं बघा. तरीही शंका राहिली तर प्रश्न १९.

१३. दाजीपूरला आणि गगनबावड्याला झाडांवरून लोंबते ती हीच का?

नाही. फांद्यांवरून लोंबणाऱ्या आणि बुंध्यांवर जाड आवरण करणाऱ्या हरिता वेगळ्या कुळांतल्या. त्यांना धुक्याची, सतत दमट हवेची सवय असते आणि मोठ्या झाडांची सावली गेली की त्या लवकर नाहीशा होतात. हायोफिला उभी वाढते, लोंबत नाही आणि तिचं मुख्य घर दगड हेच. राधानगरी अभयारण्यातही ती ओढ्याकाठच्या खडकावर किंवा पुलाच्या भिंतीवर बघावी.

१४. दगडफूल म्हणतात ते हेच का? मसाल्यात घालता येईल?

नाही, आणि घालू नका. कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल हे धोंडफूल वर्गातलं, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेलं असतं. हायोफिला ही हिरवी वनस्पती. भिंतीवरच्या गादीत रस्त्याची धूळ आणि त्यातले जड धातू साठतात, त्यामुळे औषध म्हणूनही ती पोटात घेऊ नये किंवा जखमेला लावू नये.

१५. दिवाळीच्या किल्ल्यावर किंवा काचेच्या बरणीत लावता येईल का?

किल्ल्यासाठी ती चांगली. आपल्या स्वतःच्या भिंतीवरची गादी उलथन्याने अलगद उचला आणि ओल्या मातीवर दाबून बसवा. सावलीत असेल तर दिवाळीभर हिरवी राहते. हळीव-मोहरी पेरली असेल तर तटाच्या उभ्या बाजूला ही वापरा, कारण तिथे बी टिकत नाही. दिवाळी झाली की गादी परत ओलसर दगडावर ठेवा.

बंद बरणीत ती सहसा टिकत नाही. सतत दमट हवेत बुरशी धरते आणि रोपं लांबट, फिकट होतात. वाळणं तिच्या सवयीचं आहे (प्रश्न ६), ते बंद बरणीत मिळत नाही. उघड्या तोंडाच्या मातीच्या परळात, दगडाच्या तुकड्यासकट ठेवा.

अभयारण्यातून हरिता उचलून आणणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चालत नाही. किल्ल्याच्या तटावरूनही आणू नका.

१६. हरिता आहे म्हणजे आमच्याकडची हवा शुद्ध आहे, हे खरं का?

हायोफिलाच्या बाबतीत नाही. काही हरिता प्रदूषणाला फार नाजूक असतात आणि शहरातून नाहीशा होतात. ही शहर सोसणारी आहे आणि वर्दळीच्या रस्त्याकडेलाही वाढते. तिच्यावरून फक्त एवढंच कळतं की त्या जागेला वर्षातले काही महिने ओल मिळते. हरितांच्या पेशींत साठलेले धातू प्रयोगशाळेत मोजून हवेचा अभ्यास करतात, पण ते वेगळं काम आहे.

१७. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या भिंती दिवसचे दिवस पाण्याखाली होत्या. तरी ती परत कशी आली?

ओढ्या-नद्यांच्या काठचे, अधूनमधून बुडणारे खडक हे तिच्या नैसर्गिक अधिवासांपैकी एक आहेत. बुडणं तिला नवं नाही. तिला मारतो तो गाळ. गादीवर गाळाचा जाड थर बसला आणि प्रकाश बंद झाला की खालची रोपं कुजतात. उभ्या भिंतीवर गाळ टिकत नाही, पुढच्या पावसाने धुऊन जातो, म्हणून तिथे ती लवकर सावरते. आडव्या पायऱ्यांवर उशीर लागतो.

१८. उष्ण प्रदेशातली म्हणता, मग युरोप-अमेरिकेतल्या याद्यांत तिचं नाव कसं?

तिचा मुख्य पसारा आशिया, आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत आहे. पण उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आणि मध्य युरोपातही ती थोड्या ठिकाणी आहे, आणि तिथेही तळ्या-नद्यांच्या काठच्या चुनखडीसारख्या खडकांवरच. थंड भागात बोंडं फारच क्वचित येतात, पसरण्याचं काम प्रश्न ११ मधल्या कळ्यांवर असतं. जुन्या ग्रंथांत ती जिम्नोस्टोमम इन्व्होल्युटम या नावाने सापडेल. विल्यम हूकर यांनी १८१९ मध्ये ते नाव दिलं होतं आणि १८७३ मध्ये येगर यांनी तिला हायोफिला प्रजातीत घेतलं.

१९. पक्की ओळख करून घ्यायची आहे. नमुना कसा द्यायचा?

आधी स्वतः प्रश्न २, ३ आणि ११ मधल्या खुणा तपासा. मग बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या, जास्त नको. माती झटका आणि सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येते. वर्तमानपत्राची घडी घालून पुडी करा आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख, गाव, जागा (भिंत, विहीर, पूल), आधार (काळा दगड, जांभा, वीट, सिमेंट) आणि ऊन-सावली लिहा. बोंडं असतील तर ती असलेला तुकडाच निवडा. वाळलेल्या नमुन्याचं पान पाणी लावल्यावर उलगडून तपासता येतं, त्यामुळे घाई नसते. शिवाजी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आधी विचारून मग पुडी घेऊन जा. जागा लिहिलेली नसेल तर नमुना कितीही चांगला असला तरी त्याचा अभ्यासाला उपयोग होत नाही, म्हणून पुडीवर लिहिल्याशिवाय जागेवरून हलू नका.